दुपट्ट्याखालची मूठ

झेंडू फुलला की लोकांना दसरा दिसायला लागतो. माझ्या पोटात कळ येते.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहावं, समोर असा केशरी-पिवळा भडका की वरून जाणाऱ्या विमानवाल्यानं डोळ्यांवर हात धरावा, आणि त्या कडवट, ओलसर वासाचा पहिला भपका नाकात शिरला की माझं पोट मलाच विचारतं, "बंडूभाऊ, यंदा राह्यते का जाते?" पिकाबद्दल नाही विचारत ते. क्लबाबद्दल विचारतं. मोर्णाकाठ फुटबॉल क्लब, अकोला.

बाहेरच्या माणसाला अकोला म्हटलं की ऊन आठवतं आणि कापूस आठवतो. फुटबॉल कोणालाच आठवत नाही. पण आमच्या माळ्यांच्या आळीत पोरगं रांगायच्या आधी लाथ मारतं. बाळंतिणीला विचारा, ती सांगेल की पोटात असतानाच डावा पाय चांगला होता. पोळा झाला की अकोला-अमरावतीच्या क्लबांची लीग सुरू होते ती दिवाळीच्या तोंडाशी संपते, म्हणजे नेमका झेंडूचा हंगाम. शुक्रवारी फुलांचा तोडा, शनिवारी फुलबाजार, रविवारी दुपारी मॅच. जो क्लब शेवटचा येईल तो खालच्या गटात जातो. खालच्या गटाच्या मॅची रविवारी सकाळी असतात, ऐन रोजच्या बाजाराच्या वेळेला. फुलं-भाजी विकणाऱ्या माणसाला त्या वेळी मरायलाही उसंत नसते, मॅच कुठली पाहतो! म्हणजे क्लब खाली गेला की तो हरला एवढंच नाही, तो आमच्या नजरेआड गेला. आमचीच पोट्टी आमच्या पाठीमागे खेळणार, आणि आम्ही कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत नुसता आरडाओरडा ऐकणार. या एका विचारानं माझी पाठ ऑक्टोबरच्या उन्हातही गार पडते.

त्या साली अशीच गार पडली होती. काही वर्षं झाली, पण वास तोच असल्यामुळे मध्ये काही काळ गेला असं वाटत नाही.

पाऊस त्या साली जायचं नाव घेत नव्हता. काळी माती एकदा भिजली की बूट सोडत नाही. पोट्टं पळत पुढे जायचं, बूट मागे राहायचा. एकदा आमच्या पोट्ट्यानं फ्रीकिक मारली तर बॉल जागेवरच राहिला आणि बूट गोलात गेला. रेफरीनं गोल दिला नाही; आम्ही अजून भांडतो. गोलकीपरच्या अंगावर तर इतका चिखल चढायचा की हाफटाइमला हरभरा पेरला असता तर दिवाळीपर्यंत घाटे धरले असते. यात मी थोडी भर घालतो हे लोकांना माहीत आहे. पण आम्ही हरत होतो यात भर घालायची गरजच नव्हती.

कोच होता सुधाकरदादा. फुलबाजाराच्या तोंडाशीच त्याचं हारांचं दुकान. माझा झेंडू त्याच्याच दुकानात जातो, म्हणून माझं बूडही तिथंच. बसायला पोती तिथं, सावली तिथं आणि चहाही तिथंच. त्यामुळे दादाच्या जागी कोणाला आणावं हा वाद आम्ही दादाच्याच दुकानात, दादाच्याच पोत्यांवर बसून, दादाचाच चहा पीत घालायचो. दादा सुईनं झेंडू ओवत ऐकत असायचा.

"दादा, राग नको मानू," गजू म्हणायचा. हा गजू वांगी-भेंडी विकतो आणि मोबाईलवर तिकडच्या मोठ्या मॅची पाहून त्याचे डोळे कायम टमाट्यासारखे असतात. "राग नको मानू, पन तुह्या डोक्शातला खेळ जुना झाला."

"राग कायचा?" दादाची सुई थांबायची नाही. "चहात साखर बराबर आहे ना?"

"साखर बराबर आहे. डिफेन्स कमी आहे."

"मंग कोन आनता?"

"कोनी तरना आना. तिकडचे कोच पाह्य, कोट घालून उभे राह्यतात."

"अकोल्यात कोट?" मी म्हणायचो. "लेका, हाफटाइमपर्यंत कोच आतल्या आत शिजन. वास आला की झाकन काढू."

मग नाव निघायचं अमरावतीच्या राऊत सरांचं. सर शिकलेले कोच. गळ्यात दोन शिट्या, एक वाजवायची, एक शोभेची. पण अमरावतीचा माणूस अकोल्यात उतरला की पहिलं वाक्य बोलतो, "बाप रे, काय ऊन हो तुमच्याकडे!" जसं काही अमरावतीला बर्फ पडतं. चिखलदरा त्यांच्या जिल्ह्यात आहे, म्हणून ते सगळेच स्वतःला डोंगरातले समजतात. अशा गावचा कोच आणायचा म्हणजे आपल्या पोराच्या लग्नात वऱ्हाड्यांनी ठरवायचं की नवरदेव कोण.

आणि तिसरं नाव बशीरभाईंचं. बशीरभाई बाळापूरचे. पोलिसांच्या टीममध्ये गोलकीपर होते. आवाज असा की त्यांनी बाळापूरच्या किल्ल्यावरून "मार्किंग!" म्हणून हाक दिली तर अकोल्यातल्या बाया दचकून एकमेकींना धरतील. बॉल अडवून अडवून त्यांच्या उजव्या हाताची बोटं अशी आखडली होती की ती वाळलेल्या फांद्यांसारखी कायम उघडीच. चहाचा कपसुद्धा ते तळव्यावर ठेवून प्यायचे.

"बशीरभाई चांगला राह्यन," दादा एकदा स्वतःच म्हणाला. "त्याच्यापाशी आवाज आहे. पोट्टे आयकतीन."

आम्ही सगळे हसलो. काय मोठं मन आहे दादाचं, असं म्हणालो आणि आणखी एक चहा मागितला.

आता वाटतं, त्या हसण्यात आमची भीती होती. तोंडानं आम्ही दादाला रोज काढत होतो, पण पोटातून प्रत्येकाला एकच घोर होता: काढलं, आणि याचं काही झालं तर? दादा म्हणजे क्लब. कॉलेजात होता तेव्हा तो खेळला, गुडघा गेला तेव्हा लाइनवर झेंडा धरून उभा राहिला, मग कोच झाला. मैदानावर चुन्याच्या रेघा तो स्वतः मारायचा, वाकून वाकून, रांगोळी काढल्यासारख्या. मॅचच्या आधी दोन्ही गोलांच्या आडव्या खांबावर झेंडूचा हार चढवायची आमची रीत आहे, समोरच्या टीमच्या गोलावरसुद्धा. ते हार दादाच्या हातचे. अशा माणसाच्या हातून क्लब काढून घेतला तर मागे काय उरेल, नुसती सुई?

कमलवहिनी, दादाची बायको, दुकानात डबा घेऊन यायच्या. एका शनिवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बंडूभाऊजी, तुमी त्याईचे दोस्त ना? मंग पाह्यत काऊन नाई?"

"काय झालं वहिनी?"

"मॅचच्या आदल्या दिवशी हे भाकर मोडतेत, खात नाई. चुरा करतेत अन् चिमण्याईले टाकतेत. सकाळी उठून पाह्यलं तं खाटेवर बसून पायाच्या बोटानं जमिनीवर रेघा मारून राह्यले. म्या म्हनलं काय करता, तं म्हने डिफेन्स लावतो."

मी हसून वेळ मारून नेली. म्हणालो, वहिनी, म्हणूनच तुमच्या अंगणातल्या चिमण्या एवढ्या लठ्ठ झाल्या की उडायच्या ऐवजी चालत जातात. त्या हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मी दुकानात टांगलेले हार पाहिले. इतर दिवशी दादाचा हार म्हणजे ओळंब्यात धरलेली भिंत. शनिवारचे हार मात्र वाकडे होते. फूल फुलाच्या अंगावर तिरपं चढलेलं, मध्येच देठ टोचून बाहेर आलेला. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं, कारण पाहिलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या क्लबानं आम्हाला धुतलं. त्यांचा शेवटचा गोल आडव्या खांबाला लागून आत गेला, आणि त्या दणक्यानं वरचा हार तुटून नेमका आमच्या गोलकीपरच्या गळ्यात पडला. अमरावतीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "सत्कार झाला, आता भाषन करा!" असा आवाज आला. दादा लाइनीवर उभा होता. त्याचा हात वर गेला होता, तो तसाच वर राहिला. गजूनं जाऊन तो खाली घेतला.

आता एक मॅच उरली होती. खाली आम्ही आणि आमच्या खाली फक्त माती. निर्णय घेणं भाग होतं, आणि तोंडावर कोण बोलणार? आळीतली अर्धी माणसं एकमेकांची सोयरी, उरलेल्यांचा धुऱ्याला धुरा लागलेला. आज दादाच्या विरुद्ध हात वर केला की उद्या त्याच्या पुतणीच्या लग्नात पंगतीत कुठं बसायचं? तेव्हा कोणीतरी म्हणालं, "दुपट्टा टाकू."

आमच्याकडे बैलबाजारात सौदा असा व्हायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकणार, त्याच्या खाली हात धरणार, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती सगळा बाजार उभा असला तरी कोणाला काही कळत नाही. नारायणबुवा हे जुने दलाल. बैलबाजार थंडावल्यावरही ते रोज स्वच्छ दुपट्टा घेऊन निघायचे. कुठं जायचे देव जाणे. त्यांना बोलावलं. दुकानाच्या मागं पोत्यांवर सगळे बसले. ठरलं असं: एक बोट म्हणजे राऊत सर, दोन बोटं म्हणजे बशीरभाई, आणि बंद मूठ म्हणजे दादाच राहू द्या.

"मी बी हात देतो," दादा म्हणाला. "माह्याच क्लबात मले मत नाई काय?"

कोणाची हिंमत नाही म्हणायची!

दुपारची वेळ, ओल्या गोणपाटाचा आणि सडलेल्या देठांचा वास. बुवा एकेकासमोर बसत होते. माझी पाळी आली. दुपट्ट्याखाली त्यांचा हात भुईमुगाच्या टरफलासारखा कोरडा लागला. आठवडाभर मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो की दादाला काढा, नाहीतर मोर्णा उलटी वाहील. आणि त्या अंधारात माझा हात माझं न ऐकता बंद झाला. मूठ. बुवांनी ती क्षणभर धरली, किंचित ओढली आणि सोडली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. दादासमोर मात्र ते बराच वेळ बसले. मग दुपट्टा झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला.

"सौदा झाला. बशीरभाई."

प्रत्येकानं प्रत्येकाकडे पाहिलं आणि प्रत्येकाला वाटलं, याच्याच पोटात विष होतं. दादा मात्र उठला, दुकानात जाऊन अर्धा राहिलेला हार घेऊन बसला. मी घाबरत घाबरत पाहायला गेलो. म्हटलं, रडत असेल तर? तो ओवत होता. हार सरळ उतरत होता.

शेवटची मॅच बशीरभाईंनी आवाजावर काढली. बरोबरी झाली आणि आम्ही नखाच्या अंतरानं वर राहिलो. पण आळीत मात्र किडा शिरला. पुढे कित्येक दिवस एकेक माणूस मला गाठून कानात सांगायचा, "म्या तं मूठच दाबली होती." गजूनं आईची शपथ घेतली. सगळ्यांनी मूठ दाबली, तर बोटं कोणाची? फिरून फिरून सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी ओरडून सांगितलं, माझीही मूठच होती.

"बंडू," गजू म्हणाला, "तू ऊन पडलं म्हनलं तरी आमी छत्री घेऊन निंगतो."

जन्मात एकदा खरं बोललो, तर ही किंमत.

आज पुन्हा झेंडू उभा आहे. पुन्हा आम्ही तळाला आहोत, पुन्हा एकच मॅच राहिली आहे, आणि पुन्हा तीच पोती, तोच चहा. वाद या वेळी बशीरभाईंवर आहे, आणि सगळ्यांत वरचा आवाज दादाचा!

"नुसता बोंबलते बशीरभाई!" हार ओवता ओवता दादा म्हणतो. "डावीकडून पोट्टे मोकळे सुटून राह्यले, तिकडे पाह्यतच नाई. बदला त्याले!"

"अन् आना कोनाले?" गजू विचारतो. "राऊत सरच्या गळ्यात आता तीन शिट्या आहेत म्हन्तात."

दादा खळखळून हसतो. मॅचच्या आदल्या दिवशी दोन भाकरी खातो. अंगणातल्या चिमण्या पुन्हा सडपातळ झाल्या आहेत.

उद्या पुन्हा दुपट्टा पडणार आहे. नारायणबुवा मात्र नाहीत. नजर गेल्यापासून ते लेकीकडे तिवश्याला असतात. मग बसायचं कोणी? आळीनं एकमतानं मला निवडलं. कारण विचारलं तर गजू म्हणाला, "तुह्यावर कोनाचा इश्वास नाई. तू काहीबी सांगितलं तरी कोनी कोनावर संशय घेनार नाई, सगळे तुह्यावरच घेतीन. भांडनच मिटलं."

तेव्हापासून माझी झोप गेली आहे. काल दुकान रिकामं पाहून मी दादाजवळ बसलो.

"दादा, त्या साली बोटं कोनाची होती?"

त्यानं दोरा दातानं तोडला. "माही."

"अन् बाकी?"

"बाकी साऱ्याईच्या मुठी. तिवश्याले जाच्या आंधी बुवानं सांगितलं मले."

"मंग बुवानं बशीरभाईचं नाव काऊन घेतलं? एकट्या तुह्या बोटावर?"

"तुमाले वाटलं तुमी मतं देऊन राह्यले," दादा म्हणाला. "बुवा कायचे मतं मोजते? त्यानं जन्मभर सौदे केले. म्हने, घेनारे कितीबी बोटं दाबो, सौदा मालकाच्या हातावर ठरते. हात धरला की थोडासा वढून पाह्यते तो. ज्याले सोडाचं आहे त्याचा हात सोबत येते. ज्याले नाई सोडाचं त्याचा मांगं राह्यते." सुईत नवा दोरा ओवून तो पुढे म्हणाला, "माहा आला. येवढा आला बंडू, की बुवाच घाबरला. तोंडानं सांगतो म्हनलं तं तुमी आयकत नव्हते. मोठं मन म्हनत होते."

वाकडे हार डोळ्यासमोर लटकत राहिले. आम्ही त्याला प्रेमानं मुठीत धरून ठेवलं होतं आणि त्याचा श्वास आमच्या मुठीत अडकला होता, हे एका बैलांच्या दलालाला कळलं.

पण आता माझं काय? सगळ्यांनी उद्या बोटं दाबली, राऊत सर आणा म्हणाले, आणि बशीरभाईंचा हात मागं राहिला, तर मी काय सांगू? हाताचं ऐकावं तर क्लब खाली जाईल, रविवारची सकाळ होईल, कोथिंबिरीवर पाणी मारत नुसता आरडाओरडा ऐकू येईल. आळीचं ऐकावं तर...

आज दुपारी दादा जेवायला घरी गेला होता. गल्ल्यावर मी होतो. बशीरभाई गोलावरचे हार न्यायला आले. हार ओल्या फडक्यात बांधून तयार होते. त्यांनी ते उचलले नाहीत. पोत्यावर बसले. त्यांचा तो किल्ल्यावरून ऐकू येणारा आवाज आज दुकानाबाहेरही गेला नसता.

"कल दुपट्टे पे तू बैठनेवाला ना, बंडू?"

"हो भाई."

"मुठ्ठी मतलब बशीर रहेगा. बराबर?"

"बराबर."

त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायला लागले. बोटं अर्ध्या वाटेवर आली आणि आखडून थांबली. त्यांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. बोटं उघडीच.

"बनती नहीं रे मेरी," ते हसल्यासारखं करून म्हणाले. "समज लेना."

मला एखादी थाप सुचायला हवी होती. अशा वेळी मला नेहमी सुचते. मी दुकानातला एक कोरडा दुपट्टा ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून तो हात धरला. गरम होता. मी हळूच ओढून पाहिला.

आला नाही.